फुगवट्याच्या काठाने

माझा भाचा नैरोबीत नोकरीला आहे. दोन दिवाळ्यांपूर्वी तो भोरला आला तेव्हा त्याने मोबाईलवर तुर्काना सरोवराचे फोटो दाखवले. केनियाच्या पार उत्तरेला, वाळवंटात ते तळं आहे. नैरोबीहून गाडीने तीन दिवस लागले म्हणाला. आधी डांबरी रस्ता संपतो, मग खडी संपते आणि शेवटी ज्वालामुखीच्या काळ्या दगडांतून गाडी न्यावी लागते. पाणी हिरवं, काठाला मगरी, पक्ष्यांचे थवे. मी ३१ वर्षं एसटीचं चाक हातात धरलेलं, त्यामुळे माझं लक्ष तळ्यापेक्षा त्या दगडी वाटेवरच जास्त होतं.

मग तो म्हणाला, "मामा, या तळ्याचं नाव आधी रुडॉल्फ होतं. १८८८ साली टेलेकी नावाचा एक युरोपातला सरदार तिथं पोचला आणि त्याने ऑस्ट्रियाच्या युवराजाचं नाव तळ्याला देऊन टाकलं. युवराजाने ते तळं कधी पाहिलंही नाही. काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांचं नाव तळ्याला मिळायला १९७५ साल उजाडलं."

मी त्याला म्हटलं, "पुढच्या वर्षी मे महिन्यात सुट्टी काढून ये. आपल्या तळ्याची गोष्ट अशीच आहे. फक्त ती कुणी तुला नीट सांगितलेली नाही, आणि त्यात चूक माझीच आहे."

तो आला. त्या दिवशी भोर ते भूतोंडे या वाटेवर मी त्याला जे सांगितलं, ते इथे लिहून ठेवतो आहे.

पुण्याकडून येताना कापूरहोळ सोडलं की जुन्या वडांच्या सावलीतून रस्ता भोरकडे वळतो. भोरच्या अलीकडे उजव्या हाताला भाटघरचं धरण. भिंत लांबीला सुमारे एक मैल, उंचीला १९० फूट. पोटात साडेतेवीस टीएमसी पाणी. वर ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत, ते वीज, मोटार किंवा माणसाचा हात न लागता पाण्याच्याच जोरावर उघडतात. ऑगस्टमध्ये ते उघडले की पुण्याहून माणसं मोटारी घेऊन बघायला येतात. त्या फेसाळ पाण्यासमोर उभं राहिलं की बोलणं ऐकू येत नाही, आणि बहुतेक जण तिथूनच माघारी फिरतात. तळं मात्र तिथून सुरू होतं. भिंतीच्या मागे वेळवंडी नदीचं अख्खं खोरं पाण्याखाली आहे आणि त्या पाण्याला आम्ही फुगवटा म्हणतो.

धरणं इथे दोन झाली, हे पुष्कळांना माहीत नसतं. १८७६-७७ च्या दुष्काळाने पूर्वेकडचा भाग होरपळून निघाला. बारामती, इंदापूर, पुरंदरच्या पूर्वेची गावं ओस पडत चालली होती. पाऊस पडतो तो सह्याद्रीच्या माथ्याला, आमच्या भोर-वेल्ह्याला. पिकाला पाणी हवं असतं कितीतरी कोस खाली. म्हणून नीरेचा डावा कालवा निघाला, १८८५ साली त्यातून पाणी सुटलं आणि त्या कालव्याला बाराही महिने पाणी पुरावं म्हणून वेळवंडीवर पहिला बांध आला. तो १८९२ च्या सुमाराला पुरा झाला. त्याच्या मागच्या तळ्याला नाव दिलं लेक व्हायटिंग. व्हायटिंग हे इंजिनिअर होते. निदान त्यांनी या नदीत पाय तरी घातले असतील.

ते पाणी पुरेना. १९१२ मध्ये दुसऱ्या, मोठ्या धरणाचं काम हाती घेतलं. ते सोळाएक वर्षं चाललं आणि १९२८ साली मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचं उद्‌घाटन झालं. जुना बांध नव्या पाण्यात बुडाला. नव्याला नाव मिळालं लॉइड धरण. जॉर्ज लॉइड १९१८ ते १९२३ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. धरण पुरं झालं तेव्हा ते कुठे होते, हे मी भाच्याला मुद्दाम विचारलं. त्याला सांगता आलं नाही. ते आफ्रिकेत होते. कैरोत, ब्रिटिश सरकारचे इजिप्तमधले हाय कमिशनर म्हणून. आमच्या खोऱ्यात पाणी चढत होतं आणि ज्याचं नाव त्या पाण्याला लागणार होतं तो माणूस नाईलच्या काठी बसला होता. भाचा बराच वेळ गप्प राहिला.

माझा आजा त्या धरणाच्या कामावर होता. चुना वाहायला. पहाटे खोऱ्यातून चालत निघायचा आणि आठवड्याने परत यायचा. चुन्याने त्याच्या हातांना ज्या भेगा पडल्या त्या मरेपर्यंत भरल्या नाहीत. वरंधा घाटाने कोकणातून मीठ, सुकी मासळी आणि कोकमतेलाचे गोळे वर यायचे. आजी तो गोळा चुलीच्या कडेला मऊ करून रात्री त्याच्या हातांना चोळायची. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मी सहा-सात वर्षांचा असेन. काम संपून तीस वर्षं झाली होती आणि तरी तेल लागत होतं.

आमची भाताची खाचरं नदीला लागून होती. आंबेमोहर पिकायचा. ज्या भिंतीला त्याने चुना वाहिला, त्या भिंतीनेच त्याच्या खाचरांवर पाणी आणलं. मी मोठा झाल्यावर एकदा त्याला विचारलं होतं, की तुला कळत होतं का रे आजा, हे पाणी कुठवर येणार? तो म्हणाला, खुणेचे दगड लावले होते की साहेबानं. आमच्या खाचराच्या वर लावले होते. मग तरी कामाला का गेलास? त्यावर तो म्हणाला, खाचर जाणार होतं म्हणूनच गेलो. तिसऱ्या साली खायचं काय?

उत्तरेला मुळशीत त्याच काळात टाटांच्या धरणाविरुद्ध मावळे शेतकरी उभे राहिले होते. १९२१ चा सत्याग्रह, सेनापती बापट, तुरुंगवास, सगळं आम्ही शाळेत शिकलो. आमच्या वेळवंड खोऱ्यावर मात्र धडा नव्हता. आमचा मुलूख भोर संस्थानात, पंतसचिवांच्या अमलाखाली. संस्थान विलीन झालं ते ८ मार्च १९४८ ला. त्याच्या वीस वर्षं आधीच पाणी चढून बसलं होतं. आमची माणसं उठली, घराचे वासे आणि देव घेऊन डोंगराच्या कुशीला वर सरकली आणि नाचणी-वरईवर जगू लागली. खाली नीरेच्या डाव्या कालव्यावर ऊस उभा राहिला, पुढे उजवा कालवा फलटण, माळशिरसकडे गेला, १९३० च्या दशकात वालचंदनगर आणि माळीनगरला साखर कारखाने निघाले. तो ऊस चांगलाच झाला. दुष्काळी मुलखाला पाणी मिळालं याचं मला वाईट वाटत नाही. पण आमच्या चहातल्या साखरेत आजाच्या खाचराचं पाणी आहे, एवढं तरी खालच्या माणसांनी लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

गाडी संगमनेरवरून पुढे गेली. हे संगमनेर आमचं, धरणाजवळचं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे. इथून डाव्या हाताला पाणी सुरू होतं ते भूतोंड्यापर्यंत सोबत सोडत नाही. आज मोटारीने तास-दीड तासात जाता येतं. माझ्या लहानपणी लाँच होती. सकाळी धरणाकडे यायची, संध्याकाळी खोऱ्यात परत. तिच्यात बाजारचं सामान, शाळेचे मास्तर, माहेरी निघालेल्या पोरी, शेरडं, आजारी माणसं, सगळं एकत्र. उन्हाळ्यात पाणी हटलं की लाँच अलीकडेच थांबायची आणि पुढे गाळातून चालत जायचं. बाळंतपणाला अडलेल्या बाईला घेऊन लाँच निघाली आणि पोर पाण्यावरच जन्मलं, अशी एक गोष्ट आमच्या नात्यात आहे. ती बाई माझी मावशीच, म्हणून मला खात्रीने सांगता येते.

धरण १९२८ चं. काठाने धड रस्ता व्हायला त्यानंतर कित्येक दशकं गेली. मी आगारात लागलो तेव्हासुद्धा पावसाळ्यात गाडी अर्ध्या वाटेत थांबायची, पुढे ओढ्याला पाणी असायचं. पाण्यासाठी जे हलले त्यांना रस्ता सगळ्यात शेवटी मिळाला.

मुक्कामाची गाडी हे माझं आवडतं काम होतं. भोरहून संध्याकाळी सुटायची, रात्री भूतोंड्याला मुक्काम आणि पहाटे परत. बाकीचे चालक ही ड्युटी टाळायचे. मी मागून घ्यायचो. पाण्यावरून वारा यायचा, गाडीत माणसं झोपलेली, आणि दिव्याच्या उजेडात काय दिसेल ते सांगता यायचं नाही. भेकर दिसायचं, साळिंदर दिसायचं, उन्हाळ्यात रानडुकरांची रांगच्या रांग पाण्याकडे उतरताना दिसायची. झाडीच्या बाजूला दिवसा शेकरू.

एका रात्री पांगारीच्या पुढे मोरीच्या कठड्यावर वाघरू बसलेलं होतं. आमच्याकडे बिबट्याला वाघरू म्हणतात. मी गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवलं, दिवे बारीक केले. कंडक्टर पुढे आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. दोघांनाही आवाज काढायचं धाडस होईना. ते जनावर आमच्याकडे बघत होतं. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. मागच्या बाकावर एक म्हातारी होती, तिच्या पाटीत कोंबडी होती. गाडी का थांबली म्हणून तिने पुढे पाहिलं आणि पहिलं काम काय केलं, तर पाटीवर पदर घातला. कोंबडीला दिसू नये म्हणून. दोन-तीन मिनिटांनी वाघरू उठलं, पाठीला बाक देऊन आळस दिला आणि पाण्याच्या बाजूला उतरून गेलं. म्हातारीने हात जोडले आणि वाघजाईचं नाव घेतलं.

वाघजाई वरंधा घाटात आहे. भोरहून महाडला जाताना नीरा-देवघरचं नवं पाणी, मग हिर्डोशी, मग घाटमाथा, आणि त्यानंतर घाटात वाघजाईचं देऊळ. आता तिथे भज्यांच्या टपऱ्या आणि माकडं. खाली शिवथरघळ. पूर्वी या वाटेने बैलांचे तांडे चढायचे आणि रात्रीच्या मुक्कामाला वाघाची धास्ती असायची, म्हणून देवीच्या नावात वाघ. आता पट्टेरी वाघ उरलेला नाही, देवी आहे आणि वाघरू आहे. भाच्याला मी सांगितलं, की तुझ्या तुर्कानाला मगरी आहेत, तिथली माणसं त्यांच्या शेजारी राहून मासे धरतात. इथेही तसंच. पाणी आलं म्हणून जनावरं उन्हाळ्यात खाली येतात आणि आमचे गोठेही त्याच काठाला वर सरकलेले. दोघांनाही दुसरी जागा राहिलेली नाही.

कांबऱ्याला आम्ही उतरलो. मे महिन्यातच का ये म्हटलं होतं ते तिथे त्याच्या लक्षात आलं. कांबरेश्वराचं देऊळ वर्षातले दहाएक महिने पाण्याखाली असतं. उन्हाळ्याच्या अखेरीला पाणी हटलं की आधी शिखर दिसतं, मग एकेक थर उघडा होत जातो. आम्ही गेलो तेव्हा देऊळ पूर्ण मोकळं होतं आणि भोवती गाळ वाळून त्याला तळहाताएवढ्या भेगा पडल्या होत्या. दगडाला हात लावला तर उन्हातही गार. सांध्यांमध्ये शिंपल्यांची पांढरी बारीक टरफलं अडकलेली. कुणीतरी सकाळीच येऊन पिंड धुऊन बेल वाहून गेलं होतं. गावच्या माणसांसाठी हे वर्षातून एकदा भेटणारं माहेर आहे. पाऊस सुरू झाला की देव परत पाण्यात जातो आणि त्याची कुणाला भीती वाटत नाही. पुढे वेळवंडलाही नागेश्वराचं देऊळ असंच उघडं पडतं. गाव वेळवंड, नदी वेळवंडी आणि खोरंही वेळवंडच.

देवळाच्या पलीकडे गाळात सरळ रेषा दिसत होत्या. भाच्याला वाटलं गाडीची चाकं गेली असतील. ते खाचरांचे बांध होते. शंभर वर्षं पाण्यात राहूनही जागचे हललेले नाहीत. मी त्याला त्या बांधावरून चालवत नेलं. आमचं खाचर तिथे नाही, ते आणखी वर आहे, पण बांध सगळ्यांचे सारखेच. पाणी हटलं की या जमिनीवर काही ठिकाणी गाळपेर करतात. गाळात पेरलेलं पीक खत न घालता येतं. पाणी लवकर चढलं तर गेलं. लोक तो धोका पत्करतात, कारण जमीन त्यांच्या आजाची आहे, कागदावर नसली तरी.

काठाला राखी बगळे उभे होते, पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते, टिटवी आमच्यावर ओरडत होती. ट्रकच्या ट्यूबवर बसून एक कातकरी जाळं ओढत होता. त्याने आम्हाला दोन मासे विकत दिले आणि पैसे घेताना विचारलं, "कुठनं आला पाव्हणं?" भाचा म्हणाला, "आफ्रिकेतनं." "तिकडं पाणी हाय का?" एवढंच त्याने विचारलं. भाच्याने हो म्हटलं. त्याने मान हलवली आणि पुन्हा जाळ्याला लागला.

भूतोंड्याला पोचलो तेव्हा चार वाजले होते. उत्तरेला राजगड, संजीवनी माचीची लांब रेघ. इथून अळू दरवाजाने गडावर वाट जाते. पलीकडे वेल्हे, ज्या तालुक्याला आता राजगड म्हणतात, आणि तोरणा. हा सगळा मावळ. कारीचे जेधे, शिंदचे बाजीप्रभू, आणि या भूतोंड्याचे येसाजी कंक. कुतुबशहाच्या दरबारात हत्तीशी लढले त्या येसाजींची गोष्ट इथलं शेंबडं पोरही सांगतं. लॉइड धरणाच्या जलाशयाला आता येसाजी कंक जलाशय म्हणतात. ज्या खोऱ्याचं पाणी, त्याच खोऱ्याच्या माणसाचं नाव. तुर्कानाला जसं तिथल्या लोकांचं मिळालं तसं. उशिरा मिळालं, पण मिळालं याचं मला समाधान आहे.

गावात मी जुन्या ओळखीच्या घरी थांबलो. मुक्कामाच्या गाडीवर असताना त्या घरची भाकरी मी किती खाल्ली असेल याला मोजमाप नाही. घरची सून म्हणाली, पोरं पुण्याला असतात, गणपतीला आणि यात्रेला येतात. तिने इंद्रायणी तांदळाचा भात आणि त्या माशांचं कालवण केलं. भाच्याने तिसऱ्यांदा भात वाढून घेतला. निघताना तिने त्याच्या हातात पाच किलोची पिशवी दिली आणि म्हणाली, वरच्या रानातला आहे, खालचा असता तर आंबेमोहर दिला असता.

परतीच्या वाटेला अंधार पडला. भाचा चाकावर, मी शेजारी. पांगारीच्या मोरीजवळ त्याने न सांगता गाडी हळू केली. कठड्यावर काही नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी आता पुष्कळ गाड्या या रस्त्याने येतात. यावंच. खोऱ्यात पोरं राहत नाहीत, निदान पाहुणे तरी येऊ देत. माझं सांगणं एवढंच आहे. मे महिन्यात कांबऱ्याला जाल तर चपला बाहेर काढा, तो देव अजून पूजेत आहे. देवळापलीकडच्या सरळ रेषांवरून गाडी नेऊ नका, ते कुणाच्या तरी खाचराचे बांध आहेत. गाळ वरून वाळलेला दिसला तरी आत ओला असतो, आणि काठापासून दोन पावलांवर पाणी एकदम खोल आहे. पाण्यात उतरण्याआधी गावात कुणालातरी विचारा. वाट तेच सांगतील, आणि वेळ असेल तर गोष्टही.